नूनेला दिलेलं उत्तर

द्रोहिचिन, १५ ऑक्टोबर २०१६

हे अक्षर तेक्ला मावशीचं नाही, हे तुला पहिल्या ओळीतच कळलं असेल. घाबरू नकोस. सफरचंदं काढताना ती शिडीवरून घसरली. उजवं मनगट प्लास्टरमध्ये आहे, जीभ ठणठणीत आहे. तुझ्या ब्रसेल्सच्या पार्सलसोबतची चिठ्ठी गेली पंधरा वर्षं तीच लिहितेय, आज तिनं ते काम माझ्या गळ्यात मारलं. गेनेक काकाची गाडी पाचला चर्चपाशी थांबणार आहे, म्हणून घाई आहे.

तर पार्सलमध्ये: काकडीच्या लोणच्याच्या सहा बरण्या, सुकवलेले मशरूम, धुरावलेल्या सॉसेजची एक माळ, लोकरीचे मोजे दोन जोड. बरण्या उभ्याच ठेवायला गेनेक काकाला सांगितलंय. तो हो म्हणतो आणि आडव्या ठेवतो.

एवढं लिहून मी खाली सही केली, तर मावशी म्हणाली, “ती काय जकात अधिकारी आहे, नुसती यादी पाठवायला? दोन ओळी स्वतःबद्दल लिही.”

मी म्हटलं, “चार वर्षं आमचं बोलणं नाही. दोन ओळी कुठून आणू?”

“कॉलेजचं लिही. त्यात भांडण्यासारखं काही नाही.”

म्हणून कॉलेजचं लिहिते. कायद्याच्या शेवटच्या वर्षाला आम्हाला सल्ला केंद्रात बसावं लागतं. ज्यांना वकील परवडत नाही अशी माणसं तिथे येतात. मी परदेशी लोकांच्या टेबलावर आहे. दर गुरुवारी, तळघरातल्या खोलीत, एका हीटरच्या भरवशावर. टेबलाशी विद्यार्थी नेहमी दोन बसतात, एकानं विचारायचं आणि दुसऱ्यानं लिहायचं. माझ्या जोडीला कोर्डियन आहे. तो इतका सावकाश लिहितो की समोरच्याचा प्रश्न जुना होतो.

आमचे प्रमुख म्रूझ सर. त्यांचा एक नियम आहे: त्याच दिवशी उत्तर द्यायचं नाही. माणूस कितीही कळवळून विचारू दे, “दोन आठवड्यांनी या, लेखी देतो,” एवढंच म्हणायचं. मग पुस्तकं उघडायची, उत्तर लिहायचं, सरांची सही घ्यायची. ते पहिल्याच दिवशी म्हणाले, “तुम्ही अजून वकील नाही. तुम्ही सध्या फक्त कान आहात. कानांनी बोलायचं नसतं.”

या गुरुवारी नूने नावाची बाई आली. आर्मेनियाची, अडतीस वर्षांची, लुब्लिनमध्ये पडदे शिवायच्या कारखान्यात काम करते. राहण्याच्या परवान्याचा अर्ज केलाय, निकाल यायचाय. तोवर पासपोर्टवर शिक्का मारून दिलाय, की निकाल लागेपर्यंत हिचं इथे राहणं कायदेशीर आहे. तिची मुलगी आर्पी अकरा वर्षांची, तिकडे मावशीपाशी असते. आर्पीचा बाप्तिस्मा राहिलाय. त्यांच्यात त्यासाठी कावोर लागतो, म्हणजे धर्मपिता, आणि एकदा ठरलेला कावोर बदलत नाहीत. हा कावोर रशियात क्रेन चालवतो आणि त्याला नोव्हेंबरचा पहिला आठवडा सोडला तर सुटी नाही. मुलगी हटून बसलीय की आई आली नाही तर मी चर्चमध्ये पाऊल टाकणार नाही. नूनेला एवढंच विचारायचं होतं: सहा दिवस जाऊन परत येता येईल का?

तिला सांगण्यात आलं, की जा.

ती आधी रडली, मग हसली, आणि जाताना टेबलावर जर्दाळूंची पुडी ठेवून गेली. मुलीच्या अशा दिवशी आईनं तिथे असावं, हे कळायला कायदा शिकावा लागत नाही. माझ्या पहिल्या कम्युनियनला, नऊ वर्षांच्या मुलांना पहिल्यांदा प्रसादाची भाकर देतात त्या दिवशी, चर्चमध्ये तेवीस मुलं होती आणि बावीस आया होत्या. गेनेक काकाच्या गाडीतून तुझ्याऐवजी पांढरा झगा आला होता, तो खांद्यात घट्ट होता.

हा शेवटचा भाग मावशीला वाचून दाखवणार नाही.

बोग्ना

लुब्लिन, १३ नोव्हेंबर २०१६

चॉकलेटं पोचली. ‘तुझं अक्षर बाबांसारखं झालंय,’ एवढंच तू लिहिलंस, आणि मोजे बसतात म्हणून. बरं केलंस. जास्त लिहिलं असतंस तर मी पुन्हा लिहिलं नसतं.

हे पत्र मावशीच्या सांगण्यावरून नाही. मला कुणाला तरी सांगायचंय. फोन नको, तुझा आवाज ऐकला की मी नऊ वर्षांची होते, आणि नऊ वर्षांच्या मुलीला भांडताही धड येत नाही.

नूने अडकली.

बाप्तिस्मा झाला, कावोर आला, फोटो आले. आर्पीचे केस ओले आहेत आणि ती नूनेच्या कोटाची बाही दोन्ही हातांनी धरून उभी आहे. मंगळवारी परत यायला नूने येरेवानच्या विमानतळावर गेली. काउंटरवरच्या मुलीनं पासपोर्ट उघडला, शिक्का बघितला आणि विचारलं, “व्हिसा कुठाय?” नूने म्हणाली, “हाच की.” त्या मुलीनं तिची बॅग पट्ट्यावरून खाली उतरवून ठेवली.

तो शिक्का फक्त इथे राहण्यापुरता असतो. एकदा देशाबाहेर पाऊल टाकलं की परत आत यायला त्याचा उपयोग नाही, नवा व्हिसा लागतो. पुस्तकात हे दोन ओळींत लिहिलंय. वाचायला अर्धं मिनिटही लागत नाही, मी घड्याळ लावून बघितलं.

आता तिची इथली खोली जाईल, काम जाईल. आणि ती इथून पाठवते त्यावरच तिकडे मुलीची शाळा आणि बहिणीचं घर चालतं. म्हणजे सहा दिवसांसाठी गेलेली बाई सगळंच गमावून बसणार.

कोर्डियननं तिला चुकीचं सांगितलं. नियम मोडून त्याच दिवशी उत्तर देऊन टाकलं. मी लिहून घेत होते. मला वाटलं, त्याला माहीत असेल. म्रूझ सरांना अजून कळलेलं नाही. कळलं की काय होईल त्याची कल्पना करवत नाही, त्याच्यासाठी म्हणते मी.

तुला हे का लिहितेय कोण जाणे. तू इतक्या लांब आहेस की तुला सांगितलं काय आणि नाही काय, इथे काही बदलत नाही, कदाचित म्हणूनच.

बोग्ना

लुब्लिन, २७ नोव्हेंबर २०१६

तुझं उत्तर वाचून आधी मी संतापले आणि मग हसले, दोन्ही ट्रॉलीबसमध्ये, उभ्यानं. ‘लहानपणी कप फुटला की तू मांजराचं नाव सांगायचीस. हा कोर्डियन मांजर तर नाही ना?’ किती वर्षं तू घरात नव्हतीस, आणि तरी हे तुझ्या लक्षात आहे.

हो, मांजरच आहे. कोर्डियन त्या वेळी खोलीत नव्हता. पासपोर्टाची प्रत काढायला वरच्या मजल्यावर गेला होता, तिथलं मशीन कायम कागद गिळतं. नूनेनं मला एकटीला विचारलं. माझा हात धरून विचारलं. मी शिक्का बघितला, त्यावर ‘कायदेशीर’ लिहिलेलं बघितलं, आणि मी म्हटलं, “जा नूनेबाई. मुलगी वाट बघतेय. जा.” दुसऱ्यांदाही म्हटलं. कोर्डियन खाली येईपर्यंत तिनं बहिणीला फोनसुद्धा लावला होता.

त्याला मी सांगितलंच नाही की मी उत्तर देऊन बसलेय. त्यानं आपला नेहमीसारखा ‘दोन आठवड्यांनी या’चा कागद तिच्या हातात दिला. तिनं तो पर्समध्ये घातला, तिकीट काढलं आणि लेखी उत्तर घ्यायला परत आलीच नाही.

तुझं पत्र आलं त्या रात्री झोप लागली नाही. सकाळी आधी नूनेला फोन केला. तोपर्यंत तिच्याशी कोर्डियनच बोलत होता आणि तिनं त्याला माझं नाव सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

“बोग्ना जान,” ती म्हणाली, “तू म्हणाली होतीस ना, जा?”

“हो.”

“मग आता नाही कोण म्हणतंय?”

“कायदा म्हणतो. तेव्हाही म्हणत होता. मी बघितलं नव्हतं.”

तिच्या मागे कुणीतरी बशा धूत होतं. मग म्हणाली, “माझं सगळं त्या एका पानावर होतं पोरी, आणि तू पान उघडलं नाहीस?” आणि फोन ठेवला.

तिथून सरळ म्रूझ सरांकडे गेले. ते टोपी घालून बसले होते, कारण हीटर बंद पडला होता.

“उत्तर कुणी दिलं?”

“मी.”

“पुस्तक बघितलं होतंस?”

“नाही.”

“तू आळशी नाहीस. अडाणी तर नाहीच. मग कुणाच्या वतीनं बोलत होतीस?”

मी म्हटलं, “मुलीच्या.”

“मुलगी आपली पक्षकार नव्हती,” ते म्हणाले.

ते ओरडले असते तर सोपं गेलं असतं. मी म्हटलं, मी केंद्र सोडते. “वा! म्हणजे तू घरी बसून हळहळणार आणि कागद या म्हाताऱ्यानं भरायचे? खुर्ची ओढ. बस.”

बसले. दुपारपर्यंत आम्ही मार्ग शोधला. मार्ग आहे, पण लांबचा आहे. नूनेच्या मालकिणीनं लेखी द्यायचं की हिला कामावर ठेवायचंय, ते इथल्या कचेरीत नोंदवायचं, मूळ कागद येरेवानला पाठवायचा, त्यावर तिथल्या आपल्या वकिलातीत नूनेनं व्हिसा मागायचा. इथला अर्ज अजून निकालात निघालेला नाही, ते वेगळं सांभाळायचं. सगळं सुरळीत झालं तर चार महिने लागतील.

मालकीण लुत्सीनाबाई. मी गेले तेव्हा त्या पडद्यांच्या ढिगाऱ्यात जवळजवळ दिसतच नव्हत्या. नाताळच्या आधी अख्ख्या शहराला नवे पडदे हवे असतात.

“कागद देईन,” त्या म्हणाल्या, “पण तिची खुर्ची चार महिने रिकामी ठेवू? उद्या दुसरी बाई बसवावी लागेल. मग तुझी नूने आली की काय माझ्या मांडीवर बसेल?”

माझ्या तोंडून निघून गेलं, “मी बसते.”

“तुला शिवता येतं?”

“मावशीनं शिकवलंय. दुमड घालता येते.”

तर आता मी संध्याकाळी चार ते आठ आणि शनिवारी दिवसभर नूनेच्या खुर्चीवर बसून पडद्यांना दुमड घालते. माझी दुमड बघून लुत्सीनाबाई म्हणतात, “ही वकीलच होणार, सरळ रेषेत काही जातच नाही हिचं.”

एक विचारायचंय. इतके दिवस शिक्के, मुदती, सरहद्दी हेच वाचतेय, म्हणून डोक्यात आलं. आपण युरोपीय संघात गेलो २००४ मध्ये, तोवर आपल्यालाही तिकडे राहायला परवानगी लागायची. माझं कम्युनियन २००२ मध्ये होतं. तेव्हा तुझ्या पासपोर्टवर काय होतं?

बोग्ना

लुब्लिन, ८ जानेवारी २०१७

आई,

तुझी चार पानं पोचली. मी ती नाताळला घरी नेली, मावशीसमोर वाचली नाहीत, गोठ्यात जाऊन वाचली. मग बाहेर येऊन तिला विचारलं, “तुला माहीत होतं?”

ती म्हणाली, “होतं.”

“मग मला का नाही सांगितलंस?”

“नऊ वर्षांच्या पोरीला काय सांगू, तुझी आई तिकडे चोरून राहते म्हणून? शाळेत जाऊन सांगितलं असतंस. गावभर झालं असतं. आणि मोठी झालीस तेव्हा तू ऐकण्याच्या पलीकडे गेली होतीस.” एवढं बोलून ती डाव्या हातानं पीठ मळत राहिली. प्लास्टर निघालंय, पण आता तिला डाव्या हाताचीच सवय लागलीय.

म्हणजे असं. बाबा गेल्यावर तू ब्रसेल्सला गेलीस. तीन महिने राहायची परवानगी होती, माझ्या कम्युनियनपर्यंत तू चौदा महिने राहिली होतीस. बाहेर पडली असतीस तर सरहद्दीवर जर्मनांनी पासपोर्ट बघितला असता, शिक्का मारला असता, आणि मग कित्येक वर्षं परत जाता आलं नसतं. घर तुझ्याच पैशावर चालत होतं. तरी तू गेनेक काकाच्या गाडीत जागा धरली होतीस, हे मला माहीत नव्हतं. तिथल्या आपल्या चर्चमध्ये लोकांचे कागद भरून देणाऱ्या बाईला तू विचारायला गेलीस, आणि ती म्हणाली, “जायचं तर जा. पण परतीची जागा धरू नकोस.”

त्या बाईनं तुला बरोबर उत्तर दिलं. पूर्ण बरोबर. मी पुस्तकात पडताळून बघितलं, तेव्हाचे नियम शोधून काढून. आई, पंधरा वर्षं मी ज्या गोष्टीचा राग केला ते एक बरोबर उत्तर होतं. आणि मी जे दिलं, कुणीतरी तुला द्यायला हवं होतं असं जे मला लहानपणापासून वाटत होतं, ते चुकीचं होतं. तुला तेव्हा माझ्यासारखी कुणी भेटली असती तर तू आली असतीस, बावीस आयांच्या तेवीस झाल्या असत्या, आणि मग आम्ही काय खाल्लं असतं?

हे सगळं डोक्याला कळतंय. बाकीच्या मला कळायला वेळ लागतोय. तू तिसऱ्या पानावर लिहिलंस की त्याच महिन्यात तू काम करायचीस त्या घरातल्या मुलीचंही कम्युनियन होतं, आणि तिच्या झग्याला इस्त्री तू केलीस. ते वाचल्यावर मी पानं खिशात घातली आणि गाईचं शेण काढलं. दोनदा काढलं, दुसऱ्यांदा तिथे काही नव्हतं.

नूनेचं सांगते. लुत्सीनाबाईंचा कागद नोंदवून झाला. तो येरेवानला पाठवला तर पाकीट दोन आठवडे कुठेतरी हिंडत होतं, मग पोचलं. वकिलातीत तिची मुलाखतीची तारीख फेब्रुवारीत आहे. कोर्डियननं तिच्यासाठी प्रश्नांची यादी केलीय, एकेका प्रश्नाखाली काय काय कागद दाखवायचे ते. फार सुंदर यादी आहे. सावकाश लिहिणाऱ्यांना मी आता हसत नाही. मी त्याचं नाव पुढे केलं होतं हेही त्याला सांगितलं. तो विचार करून म्हणाला, “तुझ्या आईला माझं नाव माहीत आहे तर. छान.” हा माणूस कशाला चिडेल देव जाणे.

नूने आता फोन उचलते. पहिले काही आठवडे फक्त कामाचं बोलायची, “कोणता कागद, किती प्रती,” बस. परवा मी म्हटलं, माझ्यामुळे तुमचे एवढे महिने गेले. तर म्हणाली, “हे बघ, मला बरं वाटावं म्हणून काही बोलू नकोस, आणि तुला बरं वाटावं म्हणून मीही बोलणार नाही. माझी खोली गेली. तिथल्या पांघरुणांचं काय झालं मला माहीत नाही. पण आर्पी रात्री माझा अंगठा धरून झोपते. एवढी मोठी मुलगी! दोन्ही खरं आहे. दोन्ही लिहून घे.”

मी खरंच लिहून घेतलं. पांघरुणं माझ्याकडे आहेत, घरमालकानं जिन्यात काढून ठेवली होती ती मी उचलून आणली. तिला सांगितलं तर म्हणाली, धुऊ नकोस, लोकर आकसते.

तू विचारलंस, ऑगस्टमध्ये येऊ का. घर तुझं आहे, मला काय विचारतेस, असं लिहिणार होते. दरवर्षी तू आलीस की मी शेजारच्या हेलाकडे जाऊन राहायचे, तू जाईपर्यंत. या वेळी काय करीन ते आत्ता सांगता येत नाही. ये.

बोग्ना

लुब्लिन, १२ मार्च २०१७

आई,

नूनेला व्हिसा मिळाला. शुक्रवारी सकाळी तिचा निरोप आला, नुसता पानाचा फोटो, बाकी एक शब्द नाही. मी वर्गात होते. कोर्डियनला दाखवला तर तो उभाच राहिला, आणि शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं, “काय झालं, कुणी गेलं का?” तो म्हणाला, “नाही, येतंय.”

म्रूझ सरांनी फोटो दोन वेळा मोठा करून बघितला, तारखा वाचल्या, आणि म्हणाले, “ठीक. आता तिला सांग, राहण्याच्या परवान्याचं कार्ड हातात येईपर्यंत पुन्हा बाहेर पडायचं नाही. लेखी सांग. आणि या वेळी आधी सही घे.” मग कपाटातून चेरीच्या दारूची बाटली काढून आम्हाला टोपणभर टोपणभर दिली. ती बाटली तिथे कधीपासून होती ते कुणी विचारलं नाही.

लुत्सीनाबाई म्हणाल्या, “तिला लवकर बोलाव, तुझ्या दुमडी उसवायला मला माणूस हवाय.” पण जाताना त्यांनी मला पडद्याचं एक कापड दिलं, निळं, खोलीला लाव म्हणून.

तर काल मी ते लेखी पत्र पाठवलं आणि वाचून दाखवायला फोनही केला. नूने बाजारात गेली होती. फोन आर्पीनं उचलला. तिचं रशियन शाळेतलं, माझं सल्ला केंद्रातलं, पण आमचं जमलं.

“तू ती कागदवाली का?” तिनं विचारलं.

“हो. मी बोग्ना.”

“आईला जायचा कागद तू दिलास?”

“मिळवायला मदत केली.”

“आधी तू तिला म्हणालीस घरी जा, म्हणून ती आली. आता तूच म्हणतेस परत ये. तुझं नक्की काय चाललंय?”

आई, मी आजवर चार तोंडी परीक्षा दिल्या आहेत. इतका अवघड प्रश्न कुणी विचारला नव्हता. माझ्या मनात आलं, म्हणावं, तू लहान आहेस, तुला मोठेपणी कळेल. तू आणि मावशीनं माझ्याशी तेच केलं होतं. मग मी तिला शिक्का समजावला. खरंच, सगळा. वही घे म्हटलं, एक घर काढ, त्याला दार काढ. शिक्का म्हणजे आतल्या माणसाला आत राहू देतात, पण तो बाहेर गेला तर शिक्का ही दार उघडायची किल्ली नाही. किल्ली म्हणजे कार्ड. कार्ड अजून यायचंय.

“ते आलं की ती येऊ शकेल?”

“हो.”

“उन्हाळ्यात?”

“तोवर आलं तर उन्हाळ्यात. नाही आलं तर नाही. मी खोटं नाही सांगणार तुला. पण ती आली नाही, तर येता येत नाही म्हणून येणार नाही. यायचं नाही म्हणून नाही. हे वहीत लिही.”

पेन्सिलीचा आवाज ऐकू आला. ती बरंच काही लिहीत होती. मी सांगितलं त्यापेक्षा जास्त.

“तुझी आईपण लांब असते ना?” तिनं विचारलं. “माझी आई सांगत होती.”

“हो.”

“आणि तू तिच्याशी बोलत नाहीस.”

“पत्रं लिहिते.”

“अजून चिडलेली आहेस?”

“नाही,” मी म्हटलं.

आई, मी काहीच विचार केला नव्हता. तोंडातून निघून गेलं, आणि निघून गेल्यावर मी आत तपासून बघितलं, म्हणजे सवयीनं, चूक तर झाली नाही ना म्हणून. सगळीकडे बघितलं. चूक नव्हती.

“तिला माहीत आहे?” आर्पीनं विचारलं.

मी ते निळं कापड घडी घालायला घेतलं.

“म्हणजे मला माहीत आहे आणि तिला नाही?” ती म्हणाली, अगदी लुत्सीनाबाईंच्या सुरात. “आधी तिला सांग ना!” मग दार वाजलं, नूने आली, आणि पोरीनं फोन टाकून तिच्याकडे धाव घेतली. फोन सुरूच राहिला. दोघी काहीतरी बोलत होत्या, मला एक शब्द कळत नव्हता. मी ठेवला नाही. बराच वेळ ऐकत बसले.

नूने एकोणीस तारखेला येतेय. आर्पी तिकडे पुन्हा मावशीपाशी राहील, आणि ती रडेल, आणि ते माझ्या कागदामुळे असेल. हे मला यापुढे प्रत्येक कागदाच्या वेळी दिसणार आहे. दिसायलाच हवं, असं सर म्हणतात.

पण हे पत्र त्यासाठी नाही. एका अकरा वर्षांच्या मुलीला तुझ्या आधी कळलं, ते बरं दिसत नाही, म्हणून लिहितेय. आई, मी चिडलेली नाहीये. कधीपासून ते विचारू नकोस, मलाही कालच कळलं.

तुझी,
बोग्ना